आसारी धरणारा

निफाडच्या बाजारात गोरक्षचं मोटर भरायचं दुकान कुणालाही विचारा, लगेच बोट दाखवतील. विहिरीवरची मोटर जळाली की लोक ती त्याच्याकडे आणून टाकतात. तो आतली काळी पडलेली तार उपसून काढतो आणि वेढ्याला वेढा लावून नवी तांब्याची तार भरून देतो. त्याच्या हातची मोटर पुन्हा जळाली तर ती विजेच्या लहरीने जळते, भरणाऱ्याच्या चुकीने नाही, असं गावात मानतात. माणूस साठीला टेकलेला, अंगाने काटक, डावखुरा आणि बोलायला तुटक. लोकांना वाटतं, मोठा समाधानी माणूस. लोकांचं काय, मान खाली घालून काम करणारा कुणीही त्यांना समाधानीच वाटतो.

गोरक्षच्या मनात एक अढी होती आणि ती संक्रांतीची होती. कुठल्या एका संक्रांतीची नव्हे, लहानपणीच्या सगळ्याच संक्रांतींची.

या भागात पतंग एकट्याने उडवत नाहीत. एक उडवतो आणि दुसरा त्याच्या मागे आसारी धरून उभा राहतो. आसारी म्हणजे दोर गुंडाळायचं बांबूच्या कामट्यांचं मोठं रीळ, मधून आरपार दांडा असलेलं. उडवणाऱ्याने ढील मागितली की दांडा तळहातावर मोकळा फिरू द्यायचा, त्याने दोर ओढला की भराभर गुंडाळून घ्यायचा. उडवणारा आभाळाकडे बघतो आणि धरणारा उडवणाऱ्याच्या पाठीकडे. पेच लागून समोरचा पतंग कटला की गच्चीवर 'वकाट!' म्हणून जो गलका होतो, तो उडवणाऱ्याच्या नावाने. आसारी धरणाऱ्यासाठी आजवर कुणी साधी शिट्टी मारलेली नाही.

शेखर थोरला आणि गोरक्ष धाकटा. तेव्हा उडवायचं कुणी आणि धरायचं कुणी, हे ठरवायला पंचांची गरज नव्हती. 'हा कटला की पुढचा तुझा,' असं शेखर दर संक्रांतीला म्हणायचा. शेखरचा पतंग सहसा कटायचा नाही, आणि कटलाच तर तोवर वारा पडलेला असायचा.

पुढे मोठेपणीही तेच. शेखर शिकायला पुण्याला गेला म्हणून गोरक्ष दहावी झाल्यावर आईवडिलांपाशी राहिला. शेखरला औषधांच्या कंपनीत नोकरी लागली, कंपनीने त्याला कॅनडाला पाठवलं. इकडे वडिलांना, नानांना, अर्धांगवायू झाला. नाना अंथरुणावर होते तोवर त्यांचं सगळं गोरक्षने केलं. शेखर दहाव्याला विमानाने आला. पिंड त्याने दिला, कारण थोरला तो. 'लेक असावा तर असा, सातासमुद्रापलीकडून आला,' असं गोदाकाठी जमलेले लोक म्हणाले. गोरक्ष भावाचा कोरडा टॉवेल घेऊन मागे उभा होता.

त्याची बायको दीपमाला कळवणची. तोंडाने फटकळ, पण खोटं बोलायची नाही. गोरक्ष दादाच्या नावाने कुरकुरायला लागला की ती भांडी आपटत म्हणायची, "कोणी घेत नाय तुमच्याकडून काही. तुम्हीच देता. समोरच्यानं हात पुढं करायच्या आधी तुमचा हात पुढं जातो."

हे बोलणं गोरक्षला फार झोंबायचं. त्याचं म्हणणं एकच, दादाने कधी दिलंच नाही, तर मी घेऊ कुठून? या एका वादावर त्यांचा अख्खा संसार झाला. पोरं मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागली, वाद मात्र घरातच राहिला.

मग शेखर निवृत्त होऊन नाशिकला परतला. गंगापूर रोडला बंगला बांधला, पुढे लॉन, मागे कुत्र्याचं घर. तिकडून येताना तो एक हौसही घेऊन आला, मासे धरायची. पण आपल्याकडे दगडावर बसून गळाला पीठ लावतात तसली नव्हे. या खेळात आमिष खोटं असतं, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली माशी. ती इतकी हलकी की फेकली तर पायापाशीच पडेल. म्हणून वजन दोरीलाच ठेवलेलं असतं. जाड, गुळगुळीत, लेप दिलेली दोरी, तिला लाइन म्हणायचं. ती काठीने डोक्यावरून मागेपुढे झुलवायची आणि पाण्यावर अलगद अंथरायची, मग टोकाची माशी आपोआप पुढे जाते. एवढं करून मासा लागलाच, तर फोटो काढून त्याला सोडून द्यायचं.

"सोडायचाच हाय तर धरायचा कशाला?" दीपमालाने विचारलं होतं. "पोहू राह्यला होता ना बिचारा."

शेखर पोट धरून हसला. त्याला राग येत नसे. राग न येणं हे ज्यांचं सगळं मनासारखं झालेलं असतं त्यांना परवडतं.

एका रविवारी तो नवं कोरं रीळ घेऊन दुकानात आला. "गोरख, तुझ्यासारखं गुंडाळणारा माणूस मी जगात पाहिला नाही. हे तू भरून दे."

आणि त्याने नीट समजावून सांगितलं. शेखर शिकवण्यात कच्चा नव्हता. रिळावर आधी बारीक विणलेला दोरा भरायचा, त्याला बॅकिंग म्हणतात. त्याच्यावर जाड लाइन. लाइनीच्या पुढे पारदर्शक बारीक तंगूस आणि त्याच्या टोकाला माशी. बॅकिंगचं काम दोन प्रकारचं. एक तर रिळाचा गाभा भरून येतो, म्हणजे लाइन मोठ्या वेढ्यात बसते आणि तिला पीळ पडत नाही. दुसरं म्हणजे मोठा मासा लागला आणि सगळी लाइन घेऊन पळाला, तर पुढे हाच दोरा त्याला पुरतो. एरवी तो कुणाला दिसतही नाही.

"मुठीचा दांडा डावीकडे यायला हवा," शेखर म्हणाला. "मी उजव्या हाताने फेकतो, डाव्याने गुंडाळतो."

गोरक्षने ते रीळ फार मन लावून भरलं. दोरा बोटांच्या चिमटीत ताणून धरला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत वेढ्याशेजारी वेढा बसवत नेला. सैल भरला तर ओढ लागल्यावर वरचा वेढा खालच्यात रुततो आणि ऐनवेळी अडकतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. काठापर्यंत गच्च भरायचं नाही, थोडी जागा ठेवायची, हेही त्याने पाळलं. बॅकिंग आणि लाइन यांची जोडगाठ शेखरने स्वतः मारून दिली होती. फक्त एक गोष्ट शेखरने सांगितली नाही, कारण ती सांगायची असते असं त्याला वाटलंच नाही. दोऱ्याचं सगळ्यात आतलं टोक रिळाच्या गाभ्याला गाठ मारून पक्कं बांधायचं असतं.

गोरक्षने ते बांधलं नाही. नुसतं पहिल्या चार वेढ्यांखाली दाबलं.

हा विसराळूपणा नव्हता. ही नानांची शिकवण होती. त्यांचं जुनं घर रेल्वेलाइनीला लागून. पतंग कटला की उरलेला दोर कधी कधी मालगाडीवर जाऊन पडायचा आणि डब्यात अडकायचा. तो दोर आसारीला बांधलेला असला तर आसारीसकट पोर गच्चीवरून खाली. म्हणून त्या आळीत आसारीवरचं शेवटचं टोक कधीच बांधत नसत. 'गेला तर दोर जावा, पोर जाऊ नये,' असं नाना म्हणायचे. दर पौषात नव्या आसारीवर दोर चढवताना गोरक्षने ते टोक मोकळं ठेवलेलं होतं. हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं.

पुढच्या रविवारी गिरणारे गावाच्या पुढे, धरणाच्या फुगवट्यावर शेखर आणि त्याचे दोन मित्र जमले. परवाना काढलेला, गाडीत खुर्च्या, थर्मास. गोरक्षला मासा पाण्याबाहेर घ्यायची जाळी धरायला बोलावलं होतं. शेखरने पाण्यावर पावाचे तुकडे फेकले, वर कटला जातीचे मासे आले तशी पावासारखीच दिसणारी पांढरी माशी त्यांच्यात टाकली आणि एका कटल्याने ती गिळली.

मासा दांडगा होता. लाइन सरसर गेली, संपली आणि मागून नारिंगी बॅकिंग पळायला लागलं. "बॅकिंगला आला! बॅकिंगला आला!" शेखर ओरडत होता. साठी उलटलेला माणूस गच्चीवरच्या पोरासारखा नाचत होता. गोरक्षचाही ऊर भरून आला. त्याचा भरलेला दोरा कुठे अडकत नव्हता, एक वेढा दुसऱ्याच्या आड येत नव्हता.

मग रिळाचा गाभा उघडा पडला, टोक सुटलं, काठीच्या कड्यांतून सुर्रकन गेलं आणि पाण्यात नाहीसं झालं. वाकलेली काठी सरळ झाली.

शेखरने रिकामं रीळ डोळ्यांजवळ नेलं. "गाठ? गाठ कुठाय?"

"आपण आसारीला गाठ मारत नाय ना दादा," गोरक्ष म्हणाला.

"कोण आपण? कुठली आसारी?" शेखर त्याच्याकडे बघतच राहिला. मग मित्रांकडे वळून हसला. "जाऊ दे, चूक माझीच. मोटर भरणाऱ्याच्या हातात रीळ दिलं."

मित्र हसले. गोरक्षला नानांचं बोलणं, रेल्वेलाइन, मालगाडी, सगळं सांगायचं होतं, पण हसणाऱ्या लोकांना काय सांगणार? निफाडला परत येताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट ठणकत होती. दादाला माहीतच नाही. इतक्या संक्रांती ज्या आसारीच्या जोरावर याने पेच जिंकले, तिचा तळ याने एकदाही पाहिला नाही. नानांनी पोरांचा जीव वाचावा म्हणून जे टोक मोकळं ठेवायला लावलं, त्यावरून हा चार लोकांत मला हसला. त्या दिवसापासून जुन्या अढीला नवी धार आली.

पुढचे काही रविवार गोरक्ष गेला नाही. फोन आला तर दुकानात काम आहे म्हणायचा.

एक दिवस शेखर स्वतः आला. हातात त्याची जुनी काठी, जुनं रिकामं रीळ आणि त्यावर भरायचा दोरा नि लाइन. स्टुलावर बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "गोरख, त्या दिवशी मी वाईट बोललो. ही जोडी तुझी. पुढच्या वेळी दोघंच जाऊ. माझी काठी मी गाडीतून काढणारसुद्धा नाही. मी जाळी धरतो, तू मासा धर."

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाचा राग धरायला सोपं जातं. गोरक्षने काठी घेतली आणि शेखर गेल्यावर दुकानाचं शटर अर्धं ओढून तिच्याकडे बघत बसला. आयुष्यात पहिल्यांदा ओढ त्याच्या स्वतःच्या हाताला लागणार होती. त्याला मासा नको होता. त्याला ती ओढ हवी होती.

दीपमालाने काठी बघितली. "आता हातात आली ना? आता देऊ नका कोणाला," ती म्हणाली.

हे दुसरं रीळ त्याने घरीच भरलं. आधी ते खोललं. आत एक छोटी खिटी असते, दोरा ज्या बाजूने पळतो तिकडे ती अडसर देते. दादाचं रीळ डाव्या हाताने गुंडाळायचं होतं. गोरक्ष डावखुरा, तो काठी डाव्या हाताने फेकणार आणि गुंडाळणार उजव्याने. त्याने खिटी उलटी बसवली आणि दांडा उजवीकडे घेतला. आता हे रीळ त्याच्याशिवाय घरात कुणाच्या कामाचं नव्हतं.

बॅकिंग किती लागेल याचा अंदाज नव्हता. म्हणून त्याने सगळं आधी उलटं भरून पाहिलं. खाली लाइन, वर काठाजवळ येईपर्यंत दोरा, तिथे तोडला. मग सगळं उतरवून पुन्हा सुलटं भरायचं. उतरवलेला दोरा एका रिकाम्या बॉबिनवर घेतला, बॉबिनमधून स्क्रूड्रायव्हर घातला आणि इकडेतिकडे बघायला लागला, कारण धरायला कुणीतरी हवं होतं.

"आणा इकडं," दीपमाला म्हणाली. पिठाचे हात पदराला पुसून तिने स्क्रूड्रायव्हर दोन्ही टोकांना धरला आणि समोर मोड्यावर बसली.

गोरक्षने आतलं टोक हातात घेतलं. गाभ्याभोवती एक फेरा घेतला आणि त्या टोकाची चालत्या दोऱ्यावर गाठ मारली. मग अगदी टोकालाही एक छोटी गाठ, म्हणजे पहिली निसटायला लागली तर दुसरी तिला अडवेल. जिभेवर ओली करून ती आवळली. नानांच्या आळीतला तो पहिला माणूस असेल ज्याने आतलं टोक बांधलं. क्षणभर त्याला चोरी केल्यासारखं वाटलं. मग त्याने दोन्ही हातांनी झटका देऊन पाहिला, गाठ हलली नाही.

दोरा चिमटीत ताणून तो भरत गेला आणि दीपमालाच्या हातातलं बॉबिन फिरत राहिलं. ती त्याच्याकडे बघत होती. "मजबूत भरा," ती म्हणाली. "लाजू नका." लग्नानंतर इतक्या वर्षांत ती त्याच्याशी इतक्या मऊ आवाजात क्वचितच बोलली असेल. दोऱ्याला लाइन जोडली, तीही चढवली, आणि वरच्या कडेला जेवढी हवी तेवढीच जागा उरली.

मग महिनाभर सकाळी मार्केट यार्डाच्या मोकळ्या पटांगणात सराव. गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधून तो लाइन झुलवायचा. कांद्याच्या गाड्या घेऊन आलेले शेतकरी थांबून बघायचे. "गोरखतात्या, मातीत कटला लागू राह्यला का?" कुणीतरी विचारायचा. गोरक्ष हसायचा. तो हसतो हे पुष्कळांना तेव्हाच कळलं.

ठरल्या रविवारी तो गाडीवर गंगापूर रोडला गेला आणि तिथून दोघे भाऊ शेखरच्या मोटारीतून फुगवट्यावर. शेखरने शब्द पाळला. त्याची काठी डिकीतून बाहेर आलीच नाही. त्याने पाव कुस्करून पाण्यावर टाकला, जाळी घेतली आणि गोरक्षच्या मागे दोन पावलांवर जाऊन उभा राहिला.

"माझ्याकडे बघू नकोस," तो म्हणाला. "पाण्याकडे बघ."

पहिल्या काही फेका आखूड पडल्या. मग एक बरी पडली. पांढरी माशी पावाच्या तुकड्यांत जाऊन बसली, हलली, आणि तिच्याखाली पाणी फुगलं. एक जाड ओठ वर आला आणि माशी दिसेनाशी झाली. गोरक्षने काठी उचलली.

ओढ लागली. मनगटातून निघून थेट खांद्यात गेली. रिळातली खिटी करकरायला लागली, लाइन पाणी कापत निघाली, काठी मुठीपर्यंत वाकली. पलीकडे एक जिवंत ताकद होती आणि ती त्याला, गोरक्षला, ओढत होती. मधे कुणी नव्हतं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी त्याने दात खाल्ले होते, ते हेच होतं. आणि ते त्याच्या अंदाजापेक्षा मोठं निघालं.

"दादा, धर!" तो म्हणाला.

आणि मागे वळून त्याने काठी शेखरपुढे केली.

शेखर एक पाऊल मागे सरला. त्याच्या दोन्ही हातांत जाळी होती. "अरे, मला काय देतोस? तुझा आहे! धर, तूच धर!" पण गोरक्षची मूठ तोवर सुटली होती. काठी पडणार म्हणून शेखरने जाळी टाकली आणि ती कशीबशी पकडली. डाव्या हाताने दांडा शोधला, दांडा त्या बाजूला नव्हताच. तो काठी परत गोरक्षच्या छातीवर दाबत होता, "घे, घे ना," आणि गोरक्षचे हात वर येत नव्हते. या घोळात दोरी सैल पडली. माशाला तेवढं पुरलं. त्याने एकदा पाणी उडवलं आणि गेला.

दोरा तुटला नव्हता. गाठ सुटली नव्हती. सगळं जिथल्या तिथे होतं.

शेखर रागावला नाही. चिखलातली जाळी उचलून झटकत त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "तू दिलीस का रे मला?"

गोरक्षने आपल्या रिकाम्या मुठीकडे पाहिलं. कुणी मागितली नव्हती. हात पुढे आलेला नव्हता, उलट मागे गेला होता, आणि तरी त्याने दिली. दीपमाला जे जन्मभर म्हणत आली ते त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच हाताने झालं होतं. मग पुण्याचं शिक्षण? तेही आपणच दिलं होतं का? नानांचा पिंड? पौषातल्या त्या सगळ्या दुपारी? कुठलं दादाने घेतलं आणि कुठलं आपण होऊन दिलं, याचा आता हिशोब लागत नव्हता. मासा गेला त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. दादाने माझं घेतलं, हे एक वाक्य त्याच्या मालकीचं होतं. त्याच्या आधाराने तो उठत-बसत होता, काम करत होता, गप्प राहत होता. ते गेलं आणि आत नुसती पोकळी उरली.

"पुन्हा टाक," शेखर म्हणाला. "अजून आहेत."

"नको. ऊन लागू राह्यलं," गोरक्ष म्हणाला. सकाळचं कोवळं ऊन होतं. गंगापूर रोडला पोचल्यावर काठी शेखरच्या मोटारीतच ठेवून तो निफाडला निघाला.

दीपमाला दारातच उभी होती. तिने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "लागला का?"

"लागला."

"मग?"

गोरक्षने चपला काढल्या. मोरीत जाऊन हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. टॉवेल तोंडावर असतानाच तो बोलला.

"दादानं हिसकून घेतली काठी."

शब्द अडखळले नाहीत. इतकी वर्षं घोकलेला धडा असल्यागत सरळ बाहेर आले. टॉवेल खाली घेतला तेव्हा दीपमाला तिथेच उभी होती आणि तिचे डोळे भरले होते.

"मासा लागलेला असताना?"

"हां."

ती भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "मी उगाच तुम्हाला बोलत राह्यले हो. एवढी वर्षं. मला वाटायचं तुम्हीच देता."

हे ऐकण्यासाठी गोरक्ष लग्न झाल्यापासून थांबला होता. त्याने मान हलवली. ती उठली, ताट वाढलं, तव्यावरची पहिली भाकरी त्याच्या पानात टाकली आणि न विचारता तिच्यावर तूप सोडलं. तो जेवायला बसला.

फोन वाजला. ओट्याजवळ होता, दीपमालानेच उचलला. शेखर नेहमी मोठ्याने बोलायचा, त्यामुळे शब्द न् शब्द पानापर्यंत येत होता.

"गोरख पोचला का गं? गप्प गप्प गेला. त्याला सांग, मनाला लावून घेऊ नकोस म्हणावं. पुढच्या रविवारी परत जाऊ. पहिला मासा त्याचाच."

"भाऊजी, लाज वाटू द्या जरा," दीपमाला म्हणाली. "जन्मभर त्यांच्या वाटचं घेतलं, ते गिळलं आम्ही. पण आज लागलेला मासा? या वयात? धाकट्या भावाच्या हातातली काठी हिसकून घेताना काहीच वाटलं नाय तुम्हाला?"

मग शेखर हळू बोलला. इतक्या हळू तो कधी बोलत नसे, पण स्वयंपाकघर लहान होतं.

"मी हिसकून घेतली? गोरख म्हणाला असं?"

"मग काय मी मनानं म्हणते?"

"त्याला दे बरं फोन."

दीपमालाने फोन गोरक्षपुढे धरला. गोरक्षने फोनकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. बोटं कालवणाने माखलेली होती.

"हात खरकटा हाय," तो म्हणाला.

"ते जेवू राह्यले," दीपमालाने फोनमध्ये सांगितलं. "आणि भाऊजी, पुन्हा या घरी येऊ नका." तिने फोन ठेवला.

ती परत चुलीपाशी वळली. तव्यावरची दुसरी भाकरी उतरवून तिने अर्धी त्याला वाढली. गोरक्षने नको म्हटलं नाही.